मायक्रोबायोलॉजी भाग तीनच्या पोरांसाठी प्रोजेक्ट: जंतू तोच, डिस्क तीच, मग जेंटाचा झोन आकसतो कसा

दरवर्षी सांगली-मिरजेकडं मायक्रोच्या प्रोजेक्टला तेच ते, हळद, तुळस, लसूण आणि त्यांचा झोन (प्लेटवर औषधाच्या डिस्कभोवती जंतू न उगवलेली मोकळी गोल जागा). कंटाळा आला ओ बघून. त्यापेक्षा हे करा, खर्च फार नाही आणि रेझिस्टन्स (जंतूनं औषधाला दाद न देणं) म्हणजे नुसते जीन नव्हेत, जंतू त्या घडीला काय खातोय, श्वास कसा घेतोय यावर पण औषध लागू पडणं अवलंबून असतं हे प्लेटवर डोळ्यांनी दिसतं.

आधी कारण समजून घ्या. जेंटामायसिन (जेंटा, जंतू मारायचं औषध) पेशीत असंच शिरत नाही, श्वसन चालू असताना पेशीच्या पडद्यावर जो व्होल्टेज तयार होतो त्याच्या जोरावर ते आत ओढलं जातं. ऑक्सिजन काढला की व्होल्टेज पडला, मग लो व्होल्टेजला विहिरीवरची मोटर जशी पाणी उचलत नाही तसं होतं. बॅक्टेरॉइड्ससारखे बिनऑक्सिजनचे जंतू जेंटाला मुळातच दाद देत नाहीत ते यामुळंच, आणि गळवातल्या पुवात हे औषध ढेपाळतं त्याचं एक कारण पण हेच.

जंतू घ्यायचा ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (तपासणीसाठीचा ठरलेला प्रमाण स्ट्रेन), पेशंटचा स्ट्रेन कुणाकडून मागून आणायचा नाही. म्युलर हिंटन अगार (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम), पीएच ७.२ ते ७.४, जाडी ४ मिमी. जाडीत सगळे गंडतात, अंदाजानं ओतू नका, मोजून ओता. ०.५ मॅकफारलंडचं सस्पेन्शन (ठरलेल्या गढूळपणाचं जंतूंचं पाणी), स्वॅब तीन दिशांनी, आणि प्रत्येक प्लेटवर दोनच डिस्क, जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम आणि क्लोरॅम्फेनिकॉल ३० मायक्रोग्रॅम. क्लोरॅम्फेनिकॉल कशाला, तर त्याला आत जायला तो व्होल्टेज लागत नाही, म्हणून तुलनेला.

आता खरी गंमत. एक सेट साध्या हवेत, एक कँडल जारमध्ये (आत मेणबत्ती लावून बंद केलेली बरणी), एक ऑक्सिजन काढून टाकलेल्या अ‍ॅनारोबिक जारमध्ये. बऱ्याच पोरांना वाटतं मेणबत्ती विझली म्हणजे ऑक्सिजन संपला, तसं काही नसतं, ऑक्सिजन बक्कळ उरतो, फक्त कार्बन डायऑक्साइड वाढतो. त्यानं अगार जरा आंबट होतो आणि आंबट माध्यमात जेंटा मुळातच कमी चालतं. म्हणजे कँडल जारमध्ये झोन जेवढा घटला तो ढोबळमानानं पीएचचा हिशोब, अ‍ॅनारोबिक जारमध्ये त्याहून जास्त घटला तो श्वसन थांबल्याचा. अ‍ॅनारोबिक जारमधली मिथिलीन ब्ल्यूची पट्टी पांढरी झाली का बघा, नसेल तर ती प्लेट मोजूच नका.

चौथा सेट ज्याला जमेल त्यानं करावा, अगारमध्ये ०.१ टक्का पोटॅशियम नायट्रेट घालून तो पण अ‍ॅनारोबिक जारमध्ये. ई. कोलायला ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट चालतं, श्वसन परत सुरू होतं, आणि झोन थोडा तरी परत मोठा होतो का ते बघायचं. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टचा जीव यातच आहे.

३५ डिग्री, १६ ते १८ तास. जारमधला लॉन (प्लेटभर उगवलेला जंतूंचा थर) पातळच येतो, लय पातळ वाटला तर सगळेच सेट २४ तासांनी मोजा, एकच नाही. मधे लाईट गेली तर तसं वहीत लिहा, लपवू नका. हवेतल्या प्लेटवर जेंटाचा झोन १९ ते २६ मिमीत बसला पाहिजे, नाही बसला तर सगळं पुन्हा.

व्हिरुलन्सचं (जंतूच्या रोग करायच्या ताकदीचं) पण विचारतील, तेव्हा स्टॅफ ऑरियस या दुसऱ्या जंतूचं सांगा. त्याच्यात कोडवाय नावाचं प्रोटीन आहे, अमिनो आम्लं भरपूर असली की ते विषारी प्रोटीनांचे बरेच जीन दाबून धरतं, खायला कमी पडलं की सोडतं. आणि ज्यांची श्वसनसाखळी बिघडलीय असे स्टॅफ टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्या देतात, रक्त फोडायची ताकद कमी, पण जेंटाला चिवट आणि पेशीत लपून बसण्यात पटाईत. दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीचं दूध लावलंत तर ब्लड अगार दुसऱ्या दिवशी फेकू नका, ७२ तास ठेवा, नाहीतर हे दिसायचेच नाहीत.

आणि व्हायव्हात एक्स्टर्नल विचारणारच, मग याला रेझिस्टंट म्हणायचं का? त्याची तयारी आधीच करा. अ‍ॅनारोबिक प्लेटवर झोनच्या कडेची वाढ उचला, साध्या हवेत परत तीच टेस्ट लावा. झोन पूर्वीएवढा आला तर जीन बदललेला नाही, नुसती अवस्था बदलली होती. मगच प्लेटा ऑटोक्लेव्हला, १२१ डिग्री, १५ पौंड दाब, २० मिनिटं.