‘स्ट्रॅथक्लाइड’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या विद्यापीठांत अर्ज करताना साताऱ्या-सांगलीतल्या मुलांना ‘स्ट्रॅथक्लाइड’ हे नाव हमखास भेटतं. आधी ते फोडून पाहा. ‘स्ट्रॅथ’ म्हणजे रुंद, सपाट तळाचं खोरं आणि क्लाइड ही नदी. आपण कृष्णाखोरं म्हणतो, तसंच हे क्लाइडखोरं. चिंचोळ्या दरीला तिकडं ‘ग्लेन’ म्हणतात. कराडच्या खालचा पसरट कृष्णाकाठ आठवला की स्ट्रॅथ कळतो. कोयनेची वरच्या अंगाची दरी आठवली की ग्लेन. खोरं नावातच आलेलं असल्यामुळं ‘स्ट्रॅथक्लाइड खोरं’ लिहू नका.

आता वापर. खरी गफलत इथंच होते, कारण या एका नावाचे तीन अर्थ आहेत. जुन्या इतिहासात ते एक राज्य. त्याचा डम्बार्टनचा खडकी किल्ला ८७० साली व्हायकिंगांनी जिंकला. पुढं १९७५ ते १९९६ या काळात हा स्कॉटलंडचा प्रशासकीय विभाग होता. तिसरा अर्थ संस्थांच्या नावातला: स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाला १९६४ साली राजसनद मिळाली, म्हणजे विभाग होण्याच्या आधीच.

विभाग १९९६ ला गेला, नाव मात्र जुन्या नकाशांत आणि काही ऑनलाइन अर्जांच्या यादीत राहिलं. सांगली जिल्हा १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ या नावानं झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. आज पाकिटावर कोणी दक्षिण सातारा लिहीत नाही. स्ट्रॅथक्लाइडचंही तेच समजा.

पत्ता असा लिहा: घर क्रमांक व रस्ता, खाली मोठ्या अक्षरांत ग्लासगो, त्याखालच्या स्वतंत्र ओळीत पोस्टकोड, शेवटी युनायटेड किंगडम. ग्लासगोचा पोस्टकोड ‘जी’ अक्षरानं सुरू होतो. काउंटीचा (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा) रकाना सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा. पोस्टाला तो लागत नाही. पत्र पोचवतं ते शहर आणि पोस्टकोड. विद्यापीठाचं नाव मात्र ‘स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘ग्लासगो विद्यापीठ’ लिहिलंत तर ते दुसरंच विद्यापीठ होतं, आणि कागद तिकडं जातात.

कुणाच्या जुन्या दाखल्यावर ‘जन्म: स्ट्रॅथक्लाइड’ असेल तर ग्लासगो धरून चालू नका. त्या विभागात दक्षिणेचं एअर हे गाव होतं, तसं वायव्येचं ओबनही होतं. गावाचं नाव दिसेपर्यंत भाषांतरातही ‘स्ट्रॅथक्लाइड’च ठेवा.