घरशाळेचं साहित्य निवडताना आधी घराचा अंदाज घ्या

घरशाळेचं, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याचं, साहित्य आपण उत्साहात घेतो. मग सासूबाई आजारी पडतात, कामवाली आठवडाभर येत नाही, धाकट्याला ताप येतो आणि तारखा छापलेलं वेळापत्रक मागे पडतं. म्हणून वर्षभराचा महागडा संच एकदम घेऊ नका.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात, केंद्रीय अभ्यासक्रमाची एनसीईआरटीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर तशीच मिळतात. कोणतंही पुस्तक घ्यायच्या आधी मधलाच एखादा धडा उघडा आणि तुम्ही पोळ्या लाटत असताना मुलीला वाचू द्या. सूचना तिची तिला कळल्या, पुढचं उदाहरण सोडवता आलं, तर ते पुस्तक अडचणीच्या दिवसांतही चालेल. दर पानाला आईबाबांनी शेजारी बसावं लागत असेल, तर माझ्या मते ते कितीही सुंदर असलं तरी सध्या नको. गणित आणि भाषा एवढंच पक्कं धरा. विज्ञान-इतिहास आठवडाभर थांबला तरी बिघडत नाही.

फक्त ॲपवर विसंबू नका, लाइट जाते, मोबाइल दवाखान्यात जातो. दोन-तीन धडे छापून पिशवीत ठेवा. ओपीडीच्या रांगेत फार उपयोगी पडतात.

परीक्षेचा ताणही थोडा सैल करा. नेहमीच्या शाळेत न जाता परीक्षा देता येते: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अ, ब, क असे स्तर आहेत, दहावीला किमान वय 14. मध्ये महिना वाया गेला, तर पुस्तक बदलू नका, जिथे थांबलात तिथून धरा.