कॉट बेसिसवर राहून वजन आटोक्यात ठेवायचंय? आधी रात्रीचे अकरा ते दोन बघा

बारावी झाली, कॅप राऊंडमधे पुण्यातलं कॉलेज लागलं, कर्वेनगरला नाहीतर धनकवडीला कॉट (म्हणजे खोलीत एका खाटेपुरती जागा) मिळाली, मेस लावली, इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलेलं असतं. दिवाळीत घरी गेल्यावर जुने कुर्ते दंडाला का रुततात हे मात्र कोणी सांगत नाही. तेलकट कमी, फळं खा, रोज चाला हे तुम्हाला माहितीये, ते मी परत उगाळत बसत नाही. मला बोलायचंय ते रात्री अकरा ते दोन या वेळेबद्दल, कारण माझं सगळं वजन त्या तीन तासांत वाढलं आणि अख्खं सेम मी शिव्या घातल्या त्या मेसच्या भाताला.

हे जरा नीट समजून घ्या. मेस साडेसातला सुरू होते, साडेनऊला काकू भांडी आवरायला घेतात. मी बार्शीची, आमच्याकडे आठला भाकरी आणि दहा-साडेदहाला सगळे आडवे, त्यामुळे आठचं जेवण सकाळपर्यंत पुरायचं. इथे जेवण आठलाच पण झोप दीड-दोनला, मग कारण असाइनमेंट असो, गप्पा असोत नाहीतर रील्स. म्हणजे जेवण आणि झोप यात पाच-सहा तास जातात. दुपारी एकला जेवलं की संध्याकाळी सहाला भूक लागतेच ना, मग आठला जेवून एक वाजता लागली तर त्यात हावरटपणा कसला? भूक खरी असते. गडबड ही की त्या वेळेला हाताशी असतं काय, तर मॅगी, वेफर्स, बेकरीतून आणून ठेवलेली खारी, किंवा चौघींपैकी एकीने ॲप उघडलेलं असतं आणि डिलिव्हरी फ्री व्हायला अजून ऐंशी रुपये कमी पडतायत म्हणून कोणाला नको असलेला चीज गार्लिक ब्रेड ऑर्डरमधे पडतो. गेट दहाला बंद, पार्सल घ्यायला वॉचमनकाका आहेतच.

आता हिशोब. मॅगीचं एक छोटं पाकीट म्हणजे साधारण ३०० कॅलरी. दिवसभराच्या गरजेच्या वर रोज २५० कॅलरी गेल्या तर महिन्याला साडेसात हजार होतात, आणि एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी असतात असं धरतात. प्रत्यक्षात शरीर थोडं जुळवून घेतं, इतकं सरळ गणित चालत नाही, पण दिशा कळली ना? आणि हे सगळं मेसमधे तुम्ही शहाण्यासारखी तिसरी चपाती नाकारून आल्यावर बरं का.

सापळा इथे संपत नाही, खरा पुढेच आहे. रात्री दीडला खाल्लं की सकाळी भूक नसते, आठचं प्रॅक्टिकल असतं, म्हणून नाश्ता जातो. अकराला कॅन्टीनमधे वडापाव आणि चहा. दुपारी मेसमधे दाबून जेवण. संध्याकाळी आरशात बघून वाईट वाटतं आणि डोक्यात येतं की आज रात्री खाडा, आज जेवायचंच नाही. मैत्रिणी पण म्हणतात, वा, काय कंट्रोल आहे! आणि मग साडेअकराला जी भूक लागते ती मूठभर चिवड्याने भागत नाही, त्या दिवशी मॅगी एक नाही, दोन होतात, वर क्रीमरोल. दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून परत खाडा. खाडा आदल्या दिवशी कळवला नाही तर पैसेही परत नाहीत, म्हणजे मेसचेही गेले आणि बाहेरचेही. रात्रीचं जेवण सोडणं हा वजन कमी करायचा उपाय आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ती व्यक्ती किती वाजता झोपते ते आधी विचारा. दहाला झोपणाऱ्याला ते जमेलही. दोनला झोपणाऱ्याला नाही.

वर झोप कमी. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी होतं, आणि नेमकं गोड-खारटच खावंसं वाटतं.

रविवार तर विचारूच नका. दुपारी फीस्ट, पुरी, मसालेभात, श्रीखंड, आणि पैसे भरलेत तर वसूल करायचे म्हणून सगळे आडवे होईस्तोवर खातात. संध्याकाळी मेस बंद. आठवड्यातलं सगळ्यात वाईट खाणं रविवारी रात्री होतं, त्यामुळे काहीच जमलं नाही तरी रविवार संध्याकाळचं काय ते शनिवारीच ठरवून ठेवा.

मग करायचं काय? अकरा वाजता खायचंच असं ठरवून टाका. त्या वेळेची वस्तू रूममधे आधीपासून हवी, बास. मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध. किंवा मेसमधून येताना एक चपाती डब्यात घ्या, आणि घरून आणलेली शेंगाची चटणी लावून तिचा रोल (आमच्या सोलापूरकडची चटणी असेल तर बाकी काही लागत नाही, यावर मी वाद घालणार नाही). पीजीत इंडक्शनला बंदी असते पण इलेक्ट्रिक किटली बहुतेक ठिकाणी चालते, तिच्यात अंडी मस्त उकडतात, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन. मालकीणबाई अंडं चालवून घेत नसतील तर फुटाणे-दूध झिंदाबाद. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला ४५-४६ ग्रॅम. मेसच्या पातळ वरणावर आणि बटाट्याच्या भाजीवर ते अवघडच, आणि पोट भरून पण परत भूक लागते त्याचं एक कारण हे पण आहे.

चहाचं पटकन सांगते. टपरीच्या चहात दोन चमचे साखर धरली तर १० ग्रॅम होते, पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. चहा सोडू नका, तो सोडणारे चिडचिडे होतात. दोनवर या.

व्यायामाबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. पहिल्याच महिन्यात वर्षाचं जिमचं पॅकेज घेऊ नका. 'स्टुडंट ऑफर' वर्षभर चालूच असते. पहिल्या आठवड्यात जो ट्रेनर प्रोटीनचा डबा विकायला काढतो त्याच्यापासून लांब राहा, आणि फॅट बर्नरच्या गोळ्या देणाऱ्या सीनियरपासून तर फारच लांब, त्यात काय घातलंय हे त्यालाही माहीत नसतं. पुण्यात राहताय, टेकड्या फुकट आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, नाहीतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या. उजेड असताना जा आणि दोघीतिघी मिळून जा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं ही कमीत कमी मर्यादा, रोजची पंचवीस मिनिटं पण होत नाहीत ती. सिंहगडाला जाऊन आल्यावर मात्र व्यायाम झाला म्हणून मिरवू नका, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाऊन तुम्ही सगळं परत मिळवलेलं असतं. जा जरूर, मी पण जाते. व्यायामात मोजू नका एवढंच.

आणि ज्या बारीक आहेत आणि हे वाचून हसतायत त्यांच्यासाठी. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन, या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच होता, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली हे दोघांच्या फोटोसकट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपली शरीरं अशी आहेत, वरून सडपातळ, आतून चरबी. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९० च्या वर गेली तर लक्ष द्यायला सांगतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या, स्वस्त आहे आणि रोज मोजायचा मोह होत नाही.

घाबरवत नाहीये. पहिल्या वर्षी दोन-तीन किलो इकडेतिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही. घर सुटलेलं असतं, वय वाढायचंच असतं, काहींचं तर वजन वाढायलाच हवं असतं. आत्या म्हणेल 'पुणं मानवलं गं तुला', तिला म्हणायचं हो मानवलं, आणि करंजी घ्यायची. पण दोन गोष्टी अंगावर काढू नका. पाळी तीन महिने आली नाही, किंवा वजन अचानक भराभर वाढतंय, तर डॉक्टर गाठा, गूगल नको. आणि जिना चढताना धाप लागत असेल तर लगेच 'मी अनफिट' म्हणून डाएट सुरू करू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. रक्त कमी असताना खाणं कमी करणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. आणि खाल्लं की उलटी काढायची, दिवसदिवस उपाशी राहायचं असं काही चालू झालं असेल, तुमचं किंवा रूममेटचं, तर ते डाएट नव्हे, कोणाला तरी मोठ्या माणसाला सांगा, आजच.

सबमिशनच्या आठवड्यात यातलं काहीही पाळलं जाणार नाही, टेकडी नाही, झोप नाही, सहा चहा. जाऊ द्या. फुटाण्यांची बरणी तेवढी भरलेली ठेवा. आणि नवीन सेमला मेस बदलणार असाल तर आधी दोन दिवसांची ट्रायल मागा, वरण ढवळून बघा, आणि काकूंना विचारा की रात्रीचा डबा साडेनऊला भरून मिळेल का. आमच्या आत्ताच्या काकू देतात, वर म्हणतात 'अभ्यास करतेस का नुसती जागतेस', पण देतात.