मोटर चालू झाली की मीटर गप्प: आरएस-४८५ चा माझा अनुभव

जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनवणाऱ्या एका मिलमध्ये एनर्जी मीटर आरएस-४८५ वरून (दोन वायरींवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत), मॉडबस आरटीयूने (त्या वायरींवरून बोलायची भाषा) पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कॉम्प्युटरला, जोडलेले होते. मिल बंद असली की रीडिंग नीट यायचं. ड्राइव्हवरची (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावरची) मोठी मोटर सुरू झाली की लांबचे मीटर टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच नाही. प्रत्येक मीटरचा पत्ता वेगळा होता, बॉड रेट (डेटाचा वेग) ९६०० आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) सगळीकडे सारखी. म्हणजे सेटिंग बरोबर होतं, दुखणं वायरिंगचं होतं.

केबलमागे फिरल्यावर दिसलं, एकाच जंक्शन बॉक्समधून प्रत्येक मीटरला स्वतंत्र वायर गेलेली. आरएस-४८५ ला अशा लांब फांद्या मानवत नाहीत. सिग्नल टोकावरून उलटा फिरतो आणि बाइट बिघडतात. मग एका मीटरवरून पुढच्या मीटरला अशी एकच ओळ केली. शील्ड (बाहेरून धातूचं आवरण) असलेली पीळदार जोडीची केबल घेतली, ओळीच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, शील्ड पॅनेलच्या बाजूलाच अर्थ केली. शिवाय ड्राइव्हच्या पॉवर केबलचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून तिच्या ट्रेमधून ही केबल बाहेर काढली. माझ्या मते खरा फरक यानंच पडला.

एक मीटर तरीही व्होल्टेज भलतंच दाखवत होता. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरमध्ये (मीटरच्या १६-१६ बिटांच्या कप्प्यांत) येतो. त्यांचा क्रम पीएलसीत उलटा केल्यावर तेही जुळलं. आणि ए-बी च्या, म्हणजे आरएस-४८५ च्या दोन वायरींच्या, खुणा सगळ्या कंपन्या सारख्या छापत नाहीत. मीटर मुळीच उत्तर देत नसेल तर आधी त्या दोन वायरी अदलाबदल करून बघा.