मुलांचे गेम आणि वयाची अट: पालकांनो, या चुका टाळा

'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला थिएटरच्या दारात मुलांना अडवतात, निदान अडवायला हवं. व्हिडिओ गेमच्या दारात आपल्याकडे कुणी उभंच नाही. ब्रिटनमध्ये १२, १६ किंवा १८ चा शिक्का असलेला गेम दुकानात त्याहून लहान मुलाला विकणं २०१२ पासून गुन्हा आहे. भारतात प्ले स्टोअरवर दिसणारे ३+, १२+, १८+ हे आकडे गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतात. त्यामागे तसा कायदा नाही. त्यामुळे राखणदारी घरच्यांकडे येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःचा फोन मुलाच्या हातात देणं. खातं बाबांचं, म्हणजे प्ले स्टोअरच्या लेखी बेचाळीस वर्षांचा माणूस खेळतोय. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेमने २०२१ मध्ये १८ खालच्यांसाठी दिवसाला ३ तास आणि ७,००० रुपयांची मर्यादा आणली, पण वय वाढवून सांगितलं की ती लागूच होत नाही. मुलाचं वेगळं गूगल खातं खऱ्या जन्मतारखेने उघडा आणि फॅमिली लिंकला, म्हणजे पालकांना मुलाच्या खात्यावर लक्ष ठेवू देणाऱ्या गूगलच्या ॲपला, जोडा. शाळेच्या ग्रुपसाठी हवं म्हणून घाईत वय वाढवून उघडलेलं खातं असेल, तर त्यावर डागडुजी करत बसू नका, नवं उघडा.

फॅमिली लिंकमध्ये गूगल प्लेच्या नियंत्रणात जाऊन ॲप आणि गेमसाठी वयाची पातळी निवडली की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. ही चाळणी नव्या डाउनलोडसाठी आहे. आधीपासून फोनमध्ये असलेला १८+ गेम तसाच चालतो. तो यादीत शोधून हाताने ब्लॉक करा. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइलही (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) या चाळणीत अडकत नाही, म्हणून सेटिंग्जमध्ये ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि फाइल मॅनेजर यांना ॲप इन्स्टॉल करायची दिलेली परवानगी काढा. (आणि तुमच्या फोनच्या लॉकला पिन म्हणून गाडीचा नंबर नको. तो मुलांना पाठ असतो.)

पैशांचं कुलूपही तपासा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावलीत, पण लाडाने लेकीचं बोट फोनमध्ये नोंदवलेलं असेल, तर ते कुलूप तिच्याच बोटाने उघडतं. यूपीआय लाइटमधून छोट्या रकमा पिनशिवाय जातात. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंदच ठेवा.

पैसे गेलेच, तर ईमेलमधला 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक घेऊन ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर परतावा मागा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, व्यक्ती करार करायला सक्षम नसते, हे खरं. पण खरेदी तुमच्या खात्यातून झाली असेल, तर ती मुलाने केली हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं.

वयाचा आकडा गेममधल्या मजकुरावर असतो, व्हॉइस चॅटवरच्या अनोळखी माणसावर नाही. १२+ गेममध्येही चॅट वेगळं बंद करा.

मुलाने कुठल्या गेमसाठी तुमचं आधार किंवा पॅन कार्ड मागितलं, तर तो बहुधा पैसे लावून खेळायचा गेम असतो. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातली अशा गेमवरची बंदी वय बघत नाही, त्यामुळे 'बाबांच्या नावाने खेळतो' ही पळवाटही तिथे नाही.