रात्री साडेदहाला ‘ताई, उद्या चार डबे जास्त’

घरून डबे देणाऱ्यांचा संसार आणि धंदा एकाच फोनवर चालतो, गोची तिथेच होते. धंद्याचा नंबर वेगळा घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. प्रोफाइलमध्ये कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ८ टाका, मग बिझनेस टूल्समध्ये अवे मेसेज (आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर) चालू करून तो कामाच्या वेळेबाहेर (Outside of business hours) जाईल असं ठेवा: ‘उद्याच्या डब्याची ऑर्डर रात्री ८ पर्यंतच.’ फोनचं नेट बंद केलं तर हा मेसेज जातच नाही. म्हणून नेट चालू ठेवा, फक्त नोटिफिकेशन बंद करा. आणि उशिरा आलेल्या ऑर्डरला एकदाही ‘बरं, देते’ म्हणू नका. उद्याची मटकी तोवर मोजून भिजत घातलेली असते. ऐनवेळी चार डबे वाढले की उसळीत पाणी वाढतं, आणि बोलणी खावी लागतात रोजच्या गिऱ्हाइकाची.