गॅलरीतला टोमॅटो: बी नवरात्रात पेरा

टोमॅटोला फुलं भरपूर येतात आणि देठाशी पिवळी पडून गळतात, ही मुंबईतली एप्रिलची नेहमीची तक्रार. अशा वेळी खत वाढवू नका, दोष उकाड्याचा आहे. रात्रसुद्धा २४ अंशांच्या वर राहिली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फळ धरत नाही.

म्हणून बी पेरायचं ते पाऊस सरताना, नवरात्राच्या सुमारास. म्हणजे फुलं थंडीत येतात. रोप वीतभर झालं की १२ इंची कुंडीत लावा, आणि खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत गाडा. त्या लवदार खोडाला मुळं फुटतात.

बंद गॅलरीत वारा कमी, मधमाश्याही फिरकत नाहीत, म्हणून परागकण झाडायचं काम आपणच करायचं. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला मागून हलकी टिचकी मारा. कोवळ्या उन्हात परागकणांची पिवळी धूळ उडताना दिसते. मला तो क्षण फार आवडतो.

फळाच्या बुडाला काळा चट्टा पडला तर बहुधा पाणी अनियमित झालंय. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. फवारणी नको, रोज ठरल्या वेळी पाणी घाला.

पहिल्यांदाच लावत असाल तर चेरी टोमॅटो घ्या, तो उकाडा जरा जास्त सोसतो.